मिरजगावच्या पेरूबागेतली चिलटं

नगर जिल्ह्याच्या दक्षिणेकडे मुद्दाम पाहायला म्हणून कोणी जात नाही. नगर-सोलापूर रस्त्याने जाणारी माणसं मिरजगावच्या थांब्यावर उतरून चहा पितात, पाय मोकळे करतात आणि पुढे जातात. एरवी मीही तेवढंच केलं असतं. पण १९७१ च्या जानेवारीत मी त्या गावात नऊ दिवस राहिले, आणि तेही चिलटं धरण्यासाठी. परत आल्यावर ज्याने त्याने विचारलं, की तिकडे पाहण्यासारखं काय आहे? मला कोणालाच धड उत्तर देता आलं नाही, म्हणून हे लिहायला बसले.

आधी चिलटांचं सांगते. पिकल्या केळ्यावर, पेरूवर जी लाल डोळ्यांची बारीक माशी घोंघावते, तिला आम्ही फळमाशी म्हणतो. पुण्यात मी तिच्या अळीच्या मेंदूवर काम करत होते. हा मेंदू खसखशीच्या दाण्याहूनही लहान. त्यात काही मोठ्या पेशी असतात. अशी एक पेशी दुभंगते, एक लहान पेशी बाजूला टाकते, आपण मोठीच राहते आणि पुन्हा दुभंगते. त्या लहान पेशींतून पुढे चेतापेशी तयार होतात, त्यांच्याच जोरावर माशी पाहते, चालते, उडते. मोठ्या पेशीने किती वेळा दुभंगायचं आणि कधी थांबायचं, हे कशाने ठरतं, हा माझा प्रश्न होता. आमच्याकडे माश्यांचा एक वाण होता. त्यातल्या काही अळ्यांत या पेशी फार लवकर थांबत. मेंदू खुजा राही. त्या अळ्या कोषात जात, पण कोषातून माशी कधी बाहेर पडत नसे.

आमच्या माश्या वर्षानुवर्षं काचेच्या बाटल्यांत वाढलेल्या. माझ्या मार्गदर्शकांचं म्हणणं पडलं, की मोकळ्या रानातल्या माशीशी या वाणाचा संकर करून पाहिल्याशिवाय माझ्या मोजणीवर भरवसा ठेवता येणार नाही. त्यांच्या ओळखीचे एक शिक्षक मिरजगावला होते आणि तिथे पेरूच्या बागा होत्या. एवढ्या कारणाने मी एस.टी.त बसले. एका पेटीत सूक्ष्मदर्शक आणि दुसरीत कापसाचे बोळे लावलेल्या बाटल्या. दोन बाटल्यांत तो खुज्या मेंदूचा वाण होता. त्या मी मांडीवर घेतल्या होत्या.

मिरजगाव

शांतवन गायकवाड सर थांब्यावर घ्यायला आले होते. पन्नाशीचे, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्यावर काळी टोपी. हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. मी त्यांच्याच घरी उतरले. घरी ते आणि त्यांच्या पत्नी मार्थाबाई, दोघंच. जेवणापूर्वी सरांनी डोळे मिटून प्रार्थना म्हटली. मी घास उचललेला हात तसाच खाली ठेवला. मार्थाबाईंनी हसून माझ्या ताटात आणखी शेंगोळी वाढली. हुलग्याच्या पिठाची ही वेटोळी लसणाच्या झणझणीत रश्शात शिजवतात. आम्ही पेणकडची माणसं, आमच्या जेवणात भात नसला तर जेवल्यासारखं वाटत नाही. इथे नऊ दिवसांत भात एकदा दिसला, तोही मी पाहुणी म्हणून.

इथली जमीन पहिल्यांदा पाहून जीव दडपतो. कोकणात नजर दहा पावलांवर कशाला तरी अडते. इथे ती कुठेच अडत नाही. ज्वारी उभी होती, कणसं हिरवी होती, आणि त्यापलीकडे उघडा माळ थेट आभाळापर्यंत. दोन दिवसांनी मात्र ते उघडेपण मला आवडू लागलं.

बाग गंगूबाईंची होती. गंगूबाई साठीच्या, विधवा, कमरेला कासोटा घट्ट. बागेचा कारभार त्यांचा, कष्ट मुलाचे. मुलगा दत्तू तिशीतला, अबोल. मी काय करायला आले ते सरांनी त्यांना दोनदा समजावलं. गंगूबाईंनी माझ्याकडे खालून वर पाहिलं आणि विचारलं, "चिलटं धराया पुन्याहून आलीस व्हय?" मी हो म्हटलं. त्यांना त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. झाडाची फांदी मोडू नको, एवढंच त्यांनी बजावलं.

बाग

पहिल्या दिवशी मी कुस्करलेलं केळं घालून दहा बाटल्या झाडांच्या बुंध्याशी ठेवल्या. सकाळी पाहते तर दहाही बाटल्यांत मुंग्यांच्या रांगा, आणि चिलट औषधालाही नाही. मी तिथेच मातीत बसून राहिले. तेव्हा विहिरीकडून एक बाई कडेवर मूल घेऊन आली. ती दत्तूची बायको, सुमन. पंचवीस-सव्वीसची असेल, म्हणजे जवळपास माझ्याच वयाची. तिने बाटल्या पाहिल्या, काही न बोलता घरात गेली आणि रॉकेलमध्ये भिजवलेली सुतळी घेऊन आली. बाटल्या सुतळीने फांद्यांना टांगायच्या, म्हणजे मुंगी येत नाही. आणि केळं कशाला, खाली पडून आंबलेले पेरूच घाला, चिलटं त्यावरच बसतात, उन्हं चढायच्या आत आणि उतरल्यावर. हे सगळं तिने मला चार वाक्यांत सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाटल्यांत माश्याच माश्या होत्या.

कडेवरचं मूल म्हणजे तिची मुलगी शकू. मला ते दोन वर्षांचं वाटलं होतं. ती पाच वर्षांची आहे हे ऐकल्यावर मी नीट पाहिलं. चेहरा गोड होता, डोळे मोठे होते, पण कपाळ भुवयांपासूनच मागे उतरलेलं आणि डोकं ओंजळीत मावेलसं लहान. ती आपल्या आपण उभी राहू शकत नव्हती. सुमन तिला झाडाच्या सावलीत गोधडीवर टेकवून बसवी आणि कामाला लागे.

मी काही विचारलं नाही. मार्थाबाईंनीच संध्याकाळी सांगितलं. शकूच्या आधीचा मुलगाही असाच होता, वर्षाच्या आत गेला. सुमन गंगूबाईंच्या सख्ख्या भावाची मुलगी. म्हणजे सासू तीच आत्या. आमच्या घरी मामाची मुलगी बहिणीसारखी. तिच्याशी लग्नाचा विषय निघाला तर वडीलधारे कानांवर हात ठेवतील. इथे मामाच्या मुलीवर पहिला हक्क भाच्याचा, तिला दुसरीकडे दिली तर बहीण भावावर रुसते. दोन्ही घरांना आपापला रिवाज सरळ वाटतो.

गंगूबाईंचं म्हणणं असं होतं, की सुमनने पोटुशी असताना ग्रहणात इळीवर भाजी चिरली. दोन्ही वेळेला. आता त्यांनी ठरवलं होतं, की सुमनची धाकटी बहीण कमल हिला दत्तूसाठी करून आणायची. कायद्याला ते मान्य नाही, असं सरांनी त्यांना सांगून पाहिलं होतं. पण मुलींचे वडीलही कबूल होते, आणि माघ संपायच्या आत उरकायचं चाललं होतं.

त्या संध्याकाळी मी सूक्ष्मदर्शकापाशी बसले, पण मोजणी होईना. मला जे सुचलं होतं ते डोक्यातून जात नव्हतं. आमच्या वाणात नर धडधाकट असतो, मादीही धडधाकट असते. दोघांच्याही अंगात तोच एक दोष झाकलेला असतो. दोन्हीकडून तो उतरला, तरच अळीचा मेंदू खुजा राहतो. चारातल्या एकीच्या वाट्याला हे यायचं. माणसांतही असं घडतं, घरातल्या घरात लग्नं होतात तिथे जास्त, हे मी वाचलेलं होतं. पण मी डॉक्टर नव्हते. माशीवरून माणसाचं सांगायला निघणं मला उद्धटपणाचं वाटत होतं. आणि हे खरं असेल तर कमलच्या अंगातही तोच दोष असण्याचा मोठा संभव होता. ते ठाऊक असून गप्प बसणं त्याहून वाईट.

गायकवाड सरांची ओटी

चौथ्या दिवशी दुपारी सुमन पेरूची पाटी घेऊन सरांकडे आली. शकू पाठीला बांधलेली. मी ओटीवर उन्हाच्या कवडशात सूक्ष्मदर्शकाचा आरसा वळवून काम करत होते. दोन सुयांनी अळी उघडायची, मेंदू वेगळा काढायचा, त्यावर रंगाचा थेंब टाकायचा, वर काचेचा पातळ तुकडा ठेवून अंगठ्याने हलकेच दाबायचं. सुमन बराच वेळ उभी राहून पाहत होती. मग तिने विचारलं, तिला बघता येईल का.

मी आधी तिच्याच बागेतल्या माशीच्या अळीचा मेंदू दाखवला. त्यात गर्द रंगलेल्या, दुभंगत असलेल्या पेशी जागोजागी दिसत. ती म्हणाली, भाजणीतल्या तिळागत दिसतंय. नंतर मी आमच्या वाणातला खुजा मेंदू ठेवला. त्यात दुभंगणारी पेशी शोधावी लागे. तो मी तिला दाखवायला हवा होता की नव्हता, हे अजूनही मला ठरवता येत नाही.

तिने नळीवरचा डोळा काढला नाही. विचारलं, "ही का ल्हान?"

पेशी वेळेआधीच थांबतात म्हणून, असं मी सांगितलं. का थांबतात ते अजून कोणाला नीट कळलेलं नाही, तेच मी शोधते आहे.

"दुखतं का हिला?"

मी तोवर अशा शेकडो अळ्या उघडल्या होत्या. पेशी मोजल्या होत्या, आकडे मांडले होते. हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. मला ठाऊक नाही, असं मी म्हणाले. तिने मान वर केली आणि पाठीवरच्या शकूला पुढे मांडीवर घेतलं.

मग मी सांगितलं. जितकं माहीत होतं तितकंच, आणि माझी चूकही होऊ शकते हे दोनदा सांगून. भाजी चिरल्याने असं होत नाही. एकट्या आईकडून होत नाही, एकट्या बापाकडूनही नाही. दोघांकडून यावं लागतं. कमलच्या पोटीही असंच मूल होऊ शकतं.

मला वाटलं होतं, तिच्या मनावरचं ओझं उतरेल. ती खूप वेळ शकूच्या पायातला वाळा फिरवत राहिली. मग म्हणाली,

"कमळी आली तर मला त्या घरात ऱ्हाता येईल, ताई. भईन हाय, शकूला कोपऱ्यात भाकर टाकील. तुमी हे आत्याला सांगितलं तर ती बाहेरची आनील. मग माझं काय?"

याचा मी विचारच केला नव्हता. मी फक्त खरं काय आणि खोटं काय एवढंच पाहत होते. तिच्यासाठी त्या खऱ्यात छप्पर होतं, किंवा नव्हतं. मी तिला म्हटलं, तुझ्या परवानगीशिवाय मी कोणाजवळ बोलणार नाही. ती पाटी घेऊन गेली.

पुढचे दोन दिवस ती बागेत आली, बाटल्या टांगायला मदत केली, पण तो विषय काढला नाही. मीही काढला नाही. कामाच्या बाबतीत ते दिवस चांगले गेले. जंगली नर आणि आमच्या वाणातल्या माद्या मी नव्या बाटल्यांत एकत्र सोडल्या, बोळे लावले, चिठ्ठ्या चिकटवल्या. वारा सुटला की ज्वारीचं सगळं रान एकदम एका अंगावर कलायचं. मी तिकडे पाहत बसायची आणि मला काही सुचायचं नाही.

सातव्या दिवशी सकाळी सुमन म्हणाली, "आत्याला सांगा. मी असताना सांगा." ती रात्रभर झोपली नसावी. मी विचारलं, बाहेरची आणली तर? ती म्हणाली, "कमळी सतरा वर्षांची हाय. तिच्या मांडीवर दुसरी शकू मी कशी बघू?"

हुरडा

त्या दिवशी दुपारी गंगूबाईंनी आम्हाला हुरड्याला बोलावलं होतं. शेताच्या बांधाशी गोवऱ्यांची आगटी, त्यात कोवळी कणसं भाजायची, दत्तू ती हातावर चोळून गरम दाणे आमच्यापुढे ओतायचा. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. इतका गोड हुरडा मी नंतर कुठे खाल्लेला नाही, आणि त्या दिवशीही मला तो नीट खाता आला नाही. सर शेजारी होते. सुमन शकूला घेऊन समोर बसली होती.

सरांनी विषय काढला आणि मी सांगितलं. गंगूबाई मधे बोलल्या नाहीत. त्यांना बियाणं निवडायची सवय, त्यामुळे वरून चांगला दिसणारा दाणा पुढच्या पिकात वेगळाच निघू शकतो, हे त्यांना समजावावं लागलं नाही. मी थांबले तेव्हा त्यांनी एकच विचारलं.

"दत्तूकडं माझ्याकडनं आलं. सुमीकडं माझ्या भावाकडनं. म्हंजी आमच्या बापाच्या घरातलंच हाय ते?"

बहुतेक तसंच असावं, असं मी म्हणाले. त्यांनी हातातलं कणीस आगटीत परत ठेवलं आणि पदराने तोंड पुसलं. सात वर्षं त्या सुनेला इळीवरून बोलत होत्या.

मग दत्तू बोलला. नऊ दिवसांत त्याचं पुरं वाक्य मी तेव्हाच ऐकलं. "आनि बाहेरची केली तर?"

हा प्रश्न येणार हे सुमनला माहीत होतं, मलाही माहीत होतं. खोटं सांगण्याचा मोह मला त्या क्षणी झाला, हे लिहायला हवं. सुमन माझ्याकडे पाहत नव्हती. ती शकूच्या ओठाला चिकटलेला दाणा काढत होती. मी म्हणाले, मग बहुधा असं मूल होणार नाही. पण मी डॉक्टर नाही, माझ्या शब्दावर काही ठरवू नका, आधी पुण्याला येऊन तज्ज्ञाला दाखवा.

दत्तूने मान हलवली आणि उरलेली कणसं चोळू लागला. त्याच्या चेहऱ्यावरून मला काही समजलं नाही.

परतीची एस.टी.

नवव्या दिवशी मी निघाले तेव्हा गंगूबाई, दत्तू आणि सुमन तिघंही शकूला घेऊन थांब्यावर आले होते, पुण्याला यायच्या तयारीने. गंगूबाई आयुष्यात पहिल्यांदा नगरच्या पुढे चालल्या होत्या. त्यांनी खिडकीची जागा घेतली आणि पाच-सहा तास बाहेर पाहत राहिल्या. घोडनदीला एस.टी. थांबली तेव्हा त्यांनी फडक्यातली भाकरी सोडली आणि पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला. शिक्रापूरच्या अलीकडे एका खड्ड्यात गाडी आदळून माझी एक बाटली फुटली आणि बागेतली चिलटं एस.टी.भर झाली. कंडक्टर चिडला. सुमन मात्र खुदकन हसली. तिला हसताना मी प्रथमच पाहिलं.

पुण्यात मुलांच्या एका जाणत्या डॉक्टरांना मी आधीच निरोप धाडला होता. त्यांनी शकूच्या डोक्याचं माप घेतलं, दोन्ही घरांची नातीगोती विचारली, गेलेल्या मुलाचं विचारलं. मग त्यांनी सावकाश, साध्या शब्दांत सांगितलं. मी सांगितलेलं बरोबर होतं. यावर औषध नव्हतं. याच जोडप्याला पुन्हा मूल झालं तर धोका दर वेळी तेवढाच. शकू किती जगेल ते त्यांना सांगता आलं नाही. ती प्रेमाने वाढवली तर थोडंफार शिकेल, इतकंच ते म्हणाले.

माझं बरोबर ठरलं याचा मला आनंद झाला नाही. व्हरांड्यातल्या बाकावर गंगूबाई सुमनशेजारी बसल्या. त्यांनी सुमनकडे न पाहता सांगितलं, की भावाला त्या स्वतः कळवतील, कमलसाठी लांबचं स्थळ बघ म्हणून. मग म्हणाल्या, "तुला लई बोलले मी." सुमनने माफ केलं का, हे मला कळलं नाही, आणि तिनेही ते लगेच ठरवलं असेल असं वाटत नाही.

दत्तू दाराशी उभा होता. दुसरी बाहेरची करणार का, हे त्याला तिथे कोणी विचारलं नाही. संध्याकाळच्या गाडीने ते परत गेले.

माझं काम पुढे सरकलं. रानातल्या माशीशी संकर होऊनही खुजा मेंदू पुढच्या पिढ्यांत ठरल्या प्रमाणातच उतरला, माझी मोजणी टिकली. पेशी का थांबतात, ते मात्र मला अजून सापडलेलं नाही. सुई हातात घेतली की सुमनचा प्रश्न आठवतो आणि हात थोडा जपून चालतो.

एप्रिलात गायकवाड सरांचं पत्र आलं. कमलचं लग्न श्रीगोंद्याकडच्या, नात्यात नसलेल्या घरात ठरलं होतं. दत्तूचं त्यांनी नंतर लिहिलं होतं. कोणाला न सांगता तो कर्जतला शस्त्रक्रियेच्या शिबिराला गेला आणि आपल्याला यापुढे मूल होणार नाही अशी व्यवस्था करून आला. गावात त्याला लोक काय काय बोलले, ते सरांनी लिहिलं नाही, पण माझ्या ध्यानात आलं. घरी आल्यावर त्याने आईला इतकंच सांगितलं, की आता दुसरीचा विषय काढायचं कारण उरलं नाही. गंगूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्या बागेत कामाला गेल्या.

पत्राच्या शेवटी सुमनने सरांकडून चार ओळी लिहवून घेतल्या होत्या. सरांनी त्या तिच्याच बोलीत उतरवल्या होत्या: "ताई, शकू पाच वर्सात कधी बोलली न्हवती. आता एक शब्द म्हनती. 'ये' म्हनती. आत्याला म्हनती, कुत्र्याला म्हनती, रस्त्यानं एस.टी. गेली तरी हात करून 'ये' म्हनती."